अकरा आठवडे झाले, बग रिपोर्ट तसाच पडून आहे

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एका ओपन सोर्स व्हिडिओ एडिटरमध्ये व्हिडिओ एक्सपोर्ट करायला गेलं की प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. विचारणाऱ्याने प्रकल्पाच्या गिटहब पानावर (गिटहब म्हणजे प्रोग्रॅमचा कोड ठेवायचं संकेतस्थळ) इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडला, शीर्षक दिलं ‘एक्सपोर्ट चालत नाही, अर्जंट’. अकरा आठवडे उलटले. एकाने लाइकचा अंगठा दिला, दुसऱ्याने खाली ‘मलाही’ एवढंच लिहिलं, डेव्हलपरकडून चकार शब्द नाही. त्याच प्रकल्पात इतरांचे बग मात्र मार्गी लागताना दिसतात. मग आता डेव्हलपरला थेट ईमेल करावी का, सोशल मीडियावर टॅग करावं का, की नव्याने दुसरा इश्यू उघडावा?

तिन्हींपैकी काहीच करू नका, निदान आत्ता तरी.

मी बारा वर्षांपासून एका मध्यम आकाराच्या ओपन सोर्स प्रकल्पात आलेले बग रिपोर्ट चाळते. या कामाला ट्रायाज म्हणतात: रिपोर्ट वाचायचा, आपल्या मशीनवर तसं होतंय का बघायचं, लेबल लावायचं, योग्य माणसाकडे सरकवायचं. त्याच्याही आधीपासून मी दुसऱ्यांच्या प्रकल्पांत बग नोंदवत आलेय, आणि त्यातले काही आजही धूळ खात पडलेत. दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. तुमचा रिपोर्ट कोणी पाहिलाच नाही असं बहुधा झालेलं नसतं. कोणीतरी तो उघडतं, वाचतं, ‘आता मी नेमकं काय करू?’ याचं उत्तर शोधतं, आणि ते सापडलं नाही की बंद करून पुढच्याकडे वळतं.

पलीकडे कोण बसलंय ते डोळ्यांसमोर आणा. दिवसभराची नोकरी उरकून, पदरमोड करून प्रकल्प सांभाळणारा एखादा मेंटेनर. त्याच्या हाताशी रात्रीचा एक तास आहे आणि यादीत चौदा नवे रिपोर्ट. पहिल्यात लिहिलंय ‘उघडत नाही’. दुसऱ्यात चारशे ओळींचा लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने आपणहून केलेली नोंद, आहे, पण काय केल्यावर तो आला ते नाही. तिसऱ्यात एक छोटी फाइल जोडलीय आणि खाली तीन ओळी: ही फाइल उघडा, हे बटण दाबा, प्रोग्रॅम पडतो. तो तास तिसऱ्यालाच मिळणार. पहिल्या दोघांवर त्याचा राग नसतो. त्यांच्यात हात घालायचा तर आधी चार प्रश्न विचारायला हवेत, उत्तराची वाट बघायला हवी, आणि तोवर तो तास संपलेला असतो.

प्रकल्पाचं नाव मोठं असलं की त्यामागे माणसांची फौज असेल असं आपल्याला वाटतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेट सुरक्षेच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा गंभीर दोष जाहीर झाला, तेव्हा जगभरचे असंख्य सर्व्हर ज्या लायब्ररीवर विसंबून होते तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. तुमच्या व्हिडिओ एडिटरमागे किती जण असतील याचा अंदाज त्यावरून करा. रेपोमध्ये (प्रकल्पाचा कोड ठेवलेल्या जागी) जाऊन गेल्या तीन महिन्यांचे कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, कोणाचे आहेत ते मोजलंत तर अंदाज करायचीही गरज नाही.

आता पहिला तपास: रिपोर्ट योग्य दारात गेलाय का? प्रत्येक प्रकल्पाचं दार वेगळं असतं, आणि चुकीच्या दारात ठेवलेला उत्तम रिपोर्टही कोणी उचलत नाही. लिनक्स कर्नलचं (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) स्वतःचं बगझिला, म्हणजे बग नोंदवायचं संकेतस्थळ, आहे, पण बऱ्याच उपप्रणालींचे मेंटेनर तिकडे फिरकत नाहीत. कर्नलच्या दस्तऐवजांतच तसं स्पष्ट लिहिलंय. तिथे सोर्समधल्या ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलीत पाहायचं, कोणत्या ड्रायव्हरसाठी कोणाला ईमेल जायला हवी ते शोधायचं आणि त्या पत्त्यांवर लिहायचं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसकडे तर नेहमीच्या अर्थाने बग ट्रॅकरच नाही. संकेतस्थळावरचा फॉर्म भरला की रिपोर्टला नंबर पडतो आणि तो बगसाठीच्या ईमेल यादीवर जातो. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात बगझिला आहे, पण ‘प्रॉडक्ट’ आणि ‘कम्पोनंट’ चुकले तर रिपोर्ट भलत्याच टीमच्या यादीत जाऊन बसतो. म्हणून रेपोमधली ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ची फाइल आधी वाचा. पाच मिनिटं लागतात.

दाराचाच आणखी एक प्रकार आहे. तुम्ही प्रोग्रॅम कुठून इन्स्टॉल केलाय? डेबियन स्टेबलसारख्या डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या तयार संचात) मिळणारं व्हर्जन मूळ प्रकल्पाच्या तुलनेत वर्ष-दोन वर्षं जुनं असू शकतं. तो बग मूळ प्रकल्पात केव्हाच दुरुस्त झालेला असेल, तर तिथला मेंटेनर तुमचा व्हर्जन नंबर बघूनच पुढे सरकणार. मूळ प्रकल्पाचं ताजं व्हर्जन, जमलं तर रोज आपोआप बनणारं कच्चं व्हर्जन (नाइटली बिल्ड), घेऊन तपासा. ताज्यात बग असेल तर मूळ प्रकल्पाकडे जा. ताज्यात नसेल आणि डिस्ट्रोच्या पॅकेजमध्येच असेल तर डिस्ट्रोकडे. डेबियनमध्ये त्यासाठी ‘रिपोर्टबग’ नावाचं साधन आहे, ते व्हर्जन वगैरे माहिती आपणहून भरतं. तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता डोक्यात ठेवा. बरेच ओपन सोर्स व्हिडिओ एडिटर प्रत्यक्ष एन्कोडिंगचं काम एफएफएमपेगसारख्या लायब्ररीवर सोपवतात. एफएफएमपेगची कमांड थेट चालवून तोच कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), तीच सेटिंग्ज वापरून पाहा. तिथेही क्रॅश झाला तर एडिटरवाल्यांच्या हातात फारसं काही नाही, आणि ही माहिती त्यांना आयती मिळाली तर ते तुमचे आभार मानतील.

डुप्लिकेट शोधायचं सगळे सांगतात, मी एवढंच जोडेन: बंद झालेले इश्यूही शोधा, आणि शोधताना आपले शब्द न वापरता एररमधले शब्द वापरा. आधीच कोणी नोंदवलेला बग सापडला तर नवा उघडू नका. तिथे नुसतं ‘मलाही’ही लिहू नका, कारण त्या एका शब्दाची ईमेल त्या इश्यूवर नजर ठेवणाऱ्या प्रत्येकाला जाते. जानेवारी २०१६ मध्ये अनेक प्रकल्पांच्या मेंटेनरनी मिळून गिटहबला जाहीर पत्र लिहिलं होतं, त्यात याच कंटाळवाण्या ‘प्लस वन’ (म्हणजे ‘मलाही’) प्रतिक्रियांची तक्रार होती. पुढच्या दोन महिन्यांतच गिटहबने इश्यू टेम्प्लेट आणि अंगठ्यासारख्या रिअॅक्शन आणल्या. तेव्हा अंगठा द्या, तो मोजला जातो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये तर नव्या सुविधेची मागणी विचारात घ्यायची की नाही हे ६० दिवसांत २० अंगठे मिळाले का यावर ठरतं. लिहायचं असेल तर नवीन काहीतरी लिहा: वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळं व्हर्जन, बग टाळायची एखादी वाट.

आता गाभ्याचा भाग. बग दुसऱ्याच्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवता येणं, याला पर्याय नाही. यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा थोडा. माझाच एक अनुभव सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी मी वापरत असलेल्या एका डेटा प्रोग्रॅममध्ये सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) आयात केली की शेवटची ओळ गायब व्हायची. चाळीस हजार ओळींची फाइल. बेरीज जुळेना तेव्हा कुठे ते लक्षात आलं. मी लगेच रिपोर्ट टाकला: ‘इम्पोर्टमध्ये डेटा हरवतो’. फाइल कामाची होती, जाहीर टाकता येत नव्हती, म्हणून तिच्यातल्या शेवटच्या दहा ओळी कॉपी केल्या, नावं बदलली आणि रिपोर्टमध्येच चिकटवल्या. उत्तर आलं, ‘माझ्याकडे सगळ्या ओळी येतायत’, आणि इश्यू ‘वर्क्सफॉरमी’ (माझ्याकडे चालतंय) म्हणून बंद. मला राग आला. माझा डेटा हरवतोय आणि हा माणूस म्हणतो काही झालंच नाही.

एका संध्याकाळी बसले आणि फाइल अर्धी-अर्धी करत निघाले. वरच्या वीस हजार ओळी उडवून आयात केली. बग नाही. म्हणजे गडबड वरच्या भागात असणार, म्हणून खालच्या वीस हजार उडवून पाहिल्या. तरीही बग नाही! दोन्ही अर्धुकांत बग नाही आणि अख्ख्या फाइलीत आहे, हे काही केल्या डोक्यात शिरेना. तासाभराने उलगडा झाला. मी प्रत्येक वेळी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून सेव्ह करत होते, आणि माझा एडिटर सेव्ह करताना शेवटी नव्या ओळीचं चिन्ह आपणहून घालत होता. मूळ फाइलीत ते चिन्ह नव्हतं. घोडं तिथे पेंड खात होतं.

एडिटर बाजूला ठेवला आणि ‘टेल’ कमांडने शेवटच्या वीस हजार ओळी नव्या फाइलीत काढल्या. ती आपल्या पदरचं काही जोडत नाही. बग परत आला. मग पंधरा मिनिटांत वीस हजारांवरून दोन ओळींवर आले, एक शीर्षकांची आणि एक डेटाची. त्यानंतर रकाने कमी करत गेले, चौदातले दोन उरले. शेवटचा रकाना रिकामा असणं आणि त्यामागे नव्या ओळीचं चिन्ह नसणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती ओळ गायब. दोन्हींपैकी एक जरी बदलली तरी सगळं सुरळीत. मी रिपोर्टमध्ये चिकटवलेल्या दहा ओळी डेव्हलपरने आपल्या एडिटरमध्ये टाकून सेव्ह केल्या असणार, आणि त्याच क्षणी बग नाहीसा झाला असणार. ‘माझ्याकडे होत नाही’ हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं.

मग त्याच इश्यूवर हे लिहिलं:

‘शीर्षक: शेवटचा रकाना रिकामा असून फाइलीच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर सीएसव्ही आयातीत शेवटची ओळ गळते.
काय केलं: सोबत झिप करून जोडलेली २ ओळींची फाइल आयात केली. (एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका, बग जातो.)
काय अपेक्षित होतं: १ नोंद.
काय झालं: ० नोंदी, कोणताही एरर नाही.’

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली. ती दोन ओळींची फाइल त्या प्रकल्पाच्या चाचण्यांमध्ये कायमची जाऊन बसली, म्हणजे तो बग पुन्हा उगवला तर आता मशीनच ओरडेल. चाळीस हजार ओळींतली कोणाची खासगी माहिती बाहेर गेली नाही, कारण उरलेल्या दोन ओळींत कोणाची माहितीच नव्हती. फाइल लहान करण्याचा हाही एक फायदा आहे. ‘डेटा गोपनीय आहे, देता येत नाही’ असं म्हणून बरेच जण थांबतात, तिथे थांबू नका.

तुमच्या एक्सपोर्टलाही हीच रीत लागू पडते. तुमच्या व्हिडिओ प्रकल्पाची प्रत काढा आणि त्या प्रतीतून गोष्टी काढत सुटा: अर्धे क्लिप, मग इफेक्ट, मग ट्रॅक. प्रत्येक वेळी एक्सपोर्ट करून बघा. बग गेला की शेवटचं काढलेलं परत घाला. अर्ध्या-पाऊण तासात पाच सेकंदांचा, एकाच क्लिपचा प्रकल्प हातात येईल आणि तरीही तो प्रोग्रॅमला पाडेल. त्याआधी आणखी एक करा: प्रोग्रॅमची सेटिंग्ज बाजूला ठेवून, कोऱ्या प्रोफाइलवर, प्लगिन बंद करून चालवा. फायरफॉक्समध्ये त्यासाठी ट्रबलशूट मोड आहे, व्हीएस कोडमध्ये तर एक्स्टेन्शन अर्धी-अर्धी बंद करत दोषी शोधून देणारी ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ सोय आहे. बग प्लगिनचा निघाला तर मेंटेनरचा वेळ वाचला आणि तुमचाही.

शीर्षकाबद्दल. मेंटेनर यादीत फक्त शीर्षकं बघतो, आतलं नाही. ‘एक्सपोर्ट चालत नाही, अर्जंट’ यातून त्याला काहीच हाती लागत नाही. एक्सपोर्ट हजारो लोकांचा चालतोय हे त्याला माहीत आहे, आणि ‘अर्जंट’ प्रत्येकालाच असतं. तुमच्या इश्यूत तिसऱ्या परिच्छेदात, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की आवाजाचा ट्रॅक असलेले प्रकल्प नीट एक्सपोर्ट होतात. अहो, हेच तर शीर्षक आहे! ‘ऑडिओ ट्रॅक नसलेला प्रकल्प एमपी४ मध्ये एक्सपोर्ट करताना क्रॅश’. ज्याने ऑडिओचा कोड लिहिलाय त्याला हे वाचूनच कुठे बघायचं ते सुचेल. कधी कधी तर रिपोर्ट उघडायच्या आत.

गंभीरतेचा खूण-रकाना असेल तर तो प्रामाणिकपणे भरा. डेबियनमध्ये ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘सीरियस’ या पातळ्यांचे बग नव्या रिलीझच्या आड येतात. त्यामुळे तिथे बटणाचा रंग आवडला नाही म्हणून कोणी ‘ग्रेव्ह’ लावलं, तर ती पातळी खाली आणायला एका माणसाला वेळ द्यावा लागतो आणि पुढच्या वेळी त्या नावाचा रिपोर्ट आला की आधी शंका येते.

व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, लॉग हे टेम्प्लेट विचारेलच, ते भरा. एरर मजकुराच्या रूपात द्या, स्क्रीनशॉटच्या नाही. चित्रातले शब्द शोधता येत नाहीत.

‘आधी चालत होतं’ हे वाक्य तुमच्याकडे असेल तर ते सगळ्यात वर लिहा. जुन्या व्हर्जनमध्ये नीट असलेली गोष्ट नव्यात बिघडली याला रिग्रेशन म्हणतात, आणि रिग्रेशनला वेगळा मान असतो. लिनक्स कर्नलमध्ये तर नियमच आहे: अपडेटमुळे वापरणाऱ्याचं चालू काम मोडलं तर तो कर्नलचा दोष, वापरणाऱ्याचा नाही. पुढची पायरी म्हणजे नेमक्या कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधणं. ‘गिट बायसेक्ट’ हेच करतं: चांगलं आणि वाईट अशी दोन टोकं द्यायची, ते मधला कमिट काढून देतं, तुम्ही ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ एवढंच सांगायचं. हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. स्वतः कोड बिल्ड करायची सवय नसेल तरी हात टेकू नका. फायरफॉक्ससाठी ‘मोझरिग्रेशन’ हे साधन तयार नाइटली बिल्ड उतरवून घेत हेच काम करतं, आणि लिबरऑफिसने आधीच बिल्ड केलेल्या व्हर्जनचे साठे ‘बिबिसेक्ट’ या नावाने ठेवलेत. तुमच्या एडिटरला असं काही नसेल तर जुनी दोन-तीन रिलीझ उतरवून तपासा. ‘३.२ मध्ये चालत होतं, ३.३ मध्ये नाही’ एवढं कळलं तरी शोधायचा कोड कितीतरी आकसतो. आणि एखादा कमिट सापडला, तर तो लिहिणाऱ्या माणसाला त्या इश्यूत टॅग करणं बऱ्याच प्रकल्पांत चालतं. मी टॅग करण्याच्या विरोधात असते ती ‘कोणीतरी बघा हो’ म्हणून चार जणांना टॅग केलं जातं तेव्हा.

तुमचा बग क्रॅशचा आहे, म्हणून बॅकट्रेसबद्दल. प्रोग्रॅम कोसळला तेव्हा तो कोणत्या फंक्शनमध्ये होता, तिथे कुठून आला, याची साखळी म्हणजे बॅकट्रेस. लिनक्सवर सिस्टमडी (सिस्टिममधल्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर ‘कोअरडंपसीटीएल’ने कोसळलेल्या प्रोग्रॅमची नोंद मिळते आणि ती जीडीबी या बग शोधायच्या साधनात उघडता येते. पण आधी डीबग सिम्बॉल्स (फंक्शनांची नावं सांगणाऱ्या जोडफाइली) बसवा, नाहीतर फंक्शनांच्या नावांच्या जागी नुसती ‘??’ची रांग येते आणि ती कोणाच्याच उपयोगाची नसते. केडीई या लिनक्स डेस्कटॉपचे प्रोग्रॅम पडल्यावर जो ‘डॉक्टर कॉन्की’ पुढे येतो तो यातला बराच भाग स्वतः करतो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:क्रॅशेस’ या पानावर क्रॅशचा क्रमांक मिळतो, तोच द्यायचा.

आता थांबण्याबद्दल आणि पाठपुराव्याबद्दल. रिपोर्ट टाकल्यावर दोन-तीन आठवडे शांत बसा. नंतर विचारायला हरकत नाही, पण रिकाम्या हातांनी जाऊ नका. ‘काही अपडेट?’ या ओळीतून पलीकडच्याला फक्त ओझं वाटतं. ‘कालच्या रिलीझवरही तपासलं, अजून होतंय, आवाजाचा रिकामा ट्रॅक घातला तर होत नाही’ या ओळीतून त्याला काम मिळतं. कोणी प्रश्न विचारला असेल, ‘नीडइन्फो’ (आणखी माहिती हवी) किंवा तत्सम लेबल लागलं असेल, तर त्याच दिवशी उत्तर द्या. मी ज्या इश्यूंवर सर्वाधिक हळहळते ते हेच: बग खरा होता, मी दोन प्रश्न विचारले, समोरून कधीच उत्तर आलं नाही, आणि काही महिन्यांनी बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, इश्यू बंद केला. बॉटने बंद केला म्हणजे नकार मिळाला असं नाही. बग अजून होत असेल तर ताज्या व्हर्जनवर तपासून तसं लिहा आणि पुन्हा उघडायची विनंती करा.

दबाव टाकून काम होत नाही का? कधी कधी होतं, आणि म्हणूनच त्याबद्दल मला कळकळ आहे. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीचा एकटा मेंटेनर होता. २०२२ मध्ये त्याच्यावर ‘पॅच (लोकांनी पाठवलेले कोडबदल) का घेत नाहीस, जमत नसेल तर प्रकल्प दुसऱ्याला दे’ अशा मेलचा मारा झाला. हा विनामोबदला, छंद म्हणून चालवलेला प्रकल्प आहे, हे त्याला लिहून सांगावं लागलं. शेवटी त्याने मदतीला आलेल्या एका व्यक्तीला कोड बदलायचे हक्क दिले, आणि त्याच व्यक्तीने पुढे ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा, म्हणजे बाहेरून गुपचूप घुसायची वाट, घातला. दबाव टाकणारी ती नावंही त्याच कटातली असावीत, असं नंतर मानलं गेलं. तुम्ही सज्जन आहात, तुमचा बग खरा आहे. पण थकलेल्या मेंटेनरला दमात घ्यायची रीत कोणत्या थराला जाऊ शकते ते तिथे दिसलं, आणि तेव्हापासून अनेक मेंटेनर चढ्या आवाजाकडे संशयाने बघतात.

तो चोरदरवाजा सापडला कसा, तेही बघण्यासारखं आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरताना) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते त्याच्या मागे लागले, आधी डिस्ट्रोंच्या सुरक्षा टीमना खासगीत कळवलं आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर लिहिलं. त्यात आधीची आणि नंतरची वेळ मोजून दिलेली, कोणती व्हर्जन, कोणत्या परिस्थितीत घडतं, काय अजून उलगडलेलं नाही, सगळं वेगवेगळं मांडलेलं. ‘हळू चालतंय’ असं कोणी लिहिलं असतं तर किती जणांनी बघितलं असतं?

त्यातूनच निघणारी एक सूचना: तुमचा बग वापरून कोणी दुसऱ्याच्या मशीनमध्ये घुसू शकेल अशी पुसटशी शंका आली, तर जाहीर इश्यू उघडू नका. रेपोमध्ये ‘सिक्युरिटी’ नावाची फाइल असते, तिच्यात खासगीत कळवायचा मार्ग दिलेला असतो.

आणि एआयबद्दल स्पष्टच सांगते. क्रॅशचा लॉग चॅटबॉटला देऊन त्याने लिहिलेलं ‘मूळ कारणाचं विश्लेषण’ रिपोर्टमध्ये चिकटवू नका. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या साधनाचे मुख्य डेव्हलपर डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून अशा रिपोर्टबद्दल जाहीरपणे लिहीत आलेत: दिसायला नीटनेटके, आत अस्तित्वातच नसलेल्या चुका, आणि खोटेपणा सिद्ध करायला टीमचे तास खर्ची. जानेवारी २०२६ च्या अखेरीस त्यांनी बग शोधण्याची बक्षीस योजनाच बंद केली. इंग्रजी सुधारायला मदत घ्या, अवश्य घ्या. पण तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंत तेच रिपोर्टमध्ये जाऊ द्या. तुमची मोडकी चार वाक्यं मला त्या चकचकीत दोन पानांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

थेट ईमेलचा प्रश्न राहिला. कर्नलसारख्या ठिकाणी ईमेल हीच रीत आहे, तिथे ती यादीवर सगळ्यांसमोर जाते. गिटहबवर चालणाऱ्या प्रकल्पात मात्र खासगी ईमेल म्हणजे एका माणसाच्या इनबॉक्समध्ये पुरलेला रिपोर्ट. दुसरा कोणी तो शोधू शकत नाही, उचलू शकत नाही. उघड्यावर नीट लिहिलेला रिपोर्ट वर्षांनंतरही कामाला येतो. फायरफॉक्समध्ये खिडकी मागे असतानाही टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारे छोटे मजकूर) दुसऱ्या प्रोग्रॅमवर उमटायचे, तो बग २००२ मध्ये नोंदवला गेला होता. २०२३ मध्ये एका नव्या योगदानकर्त्याने तो उचलला आणि सोडवला. एवढी वाट बघा असं मी म्हणत नाही. हे सगळं करूनही हालचाल झाली नाही, तर थोडाफार कोड येत असल्यास अपयशी ठरणारी चाचणी लिहून पुल रिक्वेस्ट (कोड सामील करून घ्यायची विनंती) पाठवता येते, किंवा तुमचं पोट त्या एडिटरवर अवलंबून असेल तर त्यातल्याच एखाद्या डेव्हलपरला पैसे देऊन काम सांगता येतं. बरेच जण असं काम घेतात, आणि विचारलेलं त्यांना आवडतं.

तर तुमच्या इश्यूकडे परत येते. नवा उघडू नका, आहे तोच संपादित करा. शीर्षक बदला, ‘अर्जंट’ काढा. ताजं व्हर्जन उतरवून आवाज नसलेला पाच सेकंदांचा प्रकल्प बनवा, त्यावर क्रॅश होतोय ना बघा, आणि ती फाइल झिप करून वरच जोडा. आणि तो ‘मलाही’ लिहिणारा माणूस आहे ना, त्याला त्याच इश्यूत विचारा: तुमच्याही प्रकल्पात ऑडिओ ट्रॅक नव्हता का, आणि तुम्ही कोणत्या सिस्टिमवर आहात? तो विंडोजवर असेल, तुम्ही लिनक्सवर असाल आणि दोघांचंही उत्तर ‘नव्हता’ असेल, तर तेवढ्या एका ओळीने मेंटेनरची अर्धी शोधाशोध वाचेल.